आभाराची पत्रं आधी

नेपाळमधल्या दातांच्या शिबिराहून आलीस ना, मग बॅगा उपसायच्या आधी आभाराची पत्रं लिहायला घे. महिना गेला की आपणही विसरतो आणि देणारेही. 'आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल ऋणी आहोत' हे वाक्य आधी खोड, ते कुणी वाचत नाही. दिलेल्या वस्तूचं पुढे काय झालं ते सांग.

नेपाळमधल्या जुमला या डोंगराळ जिल्ह्यातल्या शिबिराला एका मावशींनी प्रेशर कुकर दिला होता. मी लिहिलं, 'मावशी, वीज नव्हती. दाढा काढायचे चिमटे तुमच्या कुकरातच निर्जंतुक केले. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून वेळ वाढवला. वरणभाताला मात्र तो मिळाला नाही.' ते पत्र घेऊन त्या अख्ख्या सोसायटीत फिरल्या!

ग्लास आयोनोमरचे, म्हणजे दात भरायच्या सिमेंटचे, पैसे देणाऱ्याला कळव, की ड्रिलशिवाय, हातानं कीड खरवडूनही ते भरता येतं. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय पाठवू नकोस. पैसे उरले असतील तर आकडा स्पष्ट लिही.

आणि तिथल्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविका, ज्यांनी पेशंट गोळा केले? त्यांना नेपाळीतून लिही. लिपी आपलीच, 'धन्यवाद'ही तोच. बाकीचं कुणा नेपाळी माणसाकडून तपासून घे.