क्रॅनबेरी चालते, पण कुठली?

प्रश्न : मला टाइप २ डायबिटीस आहे, क्रॅनबेरी खाल्ली किंवा ज्यूस प्यायला तर चालेल का?

उत्तर : ताजी किंवा फ्रोजन खा की बिनधास्त, १०० ग्रॅममध्ये साखर जेमतेम ४ ग्रॅम, वर फायबर. पण ती इतकी आंबट-तुरट असते की नुसती कुणी खात नाही, आणि घोळ तिथेच होतो, कारण वाळवलेल्या क्रॅनबेरीत वरून साखर घालतात, १०० ग्रॅममध्ये एकूण साखर ७० ग्रॅमच्या आसपास! ज्यूसचंही तेच. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ वाचून हुरळू नका, बिनसाखरेच्या ग्लासातही फळाची साखर असतेच नि फायबर नसतं. लेबलवर टोटल कार्बोहायड्रेट बघा. वॉरफरिन (रक्त पातळ करायचं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.