हळद-मध नंतर, आधी पाण्याची सोय करा

ताई, प्रथमोपचाराच्या पेटीत कोणती घरगुती औषधं ठेवावीत हा तुमचा प्रश्न आणि त्यातलं सोसायटीबद्दलचं ‘ऑफिसात प्रथमोपचार पेटीचं विचारलं तर पुढच्या मीटिंगला बघू म्हणाले’ हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आम्हीही ठाण्यात घोडबंदर रोडलाच राहतो, हेच उत्तर ऐकलंय. तुम्ही विचारलेल्या हळद, मध, कोरफड, लवंगतेल, कापूर यांवर लिहितेच, पण आधी पाण्याचं बोलू द्या. मी डॉक्टर नाही, अनुभवाचं आणि विचारून घेतलेलं तेवढं सांगते.

आमच्या जुन्या सोसायटीत कोजागरीला गच्चीवर पातेलं कलंडलं आणि उकळतं दूध आईच्या हातावर सांडलं. भाजल्यावर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं हात धरायचा, एवढं माहीत होतं. पण रात्री दहानंतर सगळ्या इमारतीचं पाणी बंद! सोसायटीच्या ऑफिसात धावले, तर तिथला माणूस म्हणतो, पदाधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडता येणार नाही. प्रथमोपचाराची पेटी कुलुपात, चावी त्याच पदाधिकाऱ्यांकडे, आणि ते फोन उचलेनात. मी खाली विनवण्या करतेय तोवर वर कुणीतरी मायेपोटी आईच्या हातावर तूप-हळद थापली. दवाखान्यात तो थर धुऊन काढेपर्यंत किती भाजलंय हेच कळत नव्हतं, आणि धुताना आईचे हाल बघवत नव्हते. डाग अजून आहे. नंतर लेखी तक्रार दिली, तर पोचसुद्धा मिळाली नाही. टँकरवर जगणाऱ्या इमारतीत पाण्याची चावी एका माणसाच्या मर्जीवर ठेवणं मला आजही अक्षम्य वाटतं.

म्हणून माझ्या मते पेटीशेजारी पाण्याचा 20 लिटरचा कॅन भरून ठेवाच. बर्फ लावू नका, टूथपेस्ट तर अजिबातच नको.

आता तुमची यादी. कोरफड चांगली, पण भाग पूर्ण गार झाल्यावर, भाजलेलं किरकोळ असेल आणि फोड फुटला नसेल तरच. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्यावा, त्याने खाज येते. हळद स्वयंपाकघरातच राहू द्या. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, उघड्या जखमेत ती नकोच. मध घसा खवखवला तर मोठ्यांना जरूर द्या, पण तुमचं बाळ 8 महिन्यांचं आहे ना? एक वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने अंग लुळं पडण्याचा धोका असतो. सासूबाई रागावल्या तरी चालेल. कापूर तर त्या पेटीतून आजच काढा. तो पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. लवंगतेल दातदुखीला खरंच उपयोगी, त्यातल्या युजेनॉलने बधिरपणा येतो. मात्र खोबरेल तेलात पातळ करून, कापसावर थेंबभर, तेही मोठ्यांसाठीच. दाताचा डॉक्टर त्याने टळत नाही.

तुमच्या यादीत नसलेली दोन नावं माझ्याकडून: गाडी लागते त्यांच्यासाठी आलेपाक, आणि जुलाबासाठी मीठ-साखर. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा पेटीतच ठेवा, अंदाजाने घालू नका, मीठ जास्त झालं तर अपायच होतो. बाळासाठी मात्र ओआरएसची तयार पाकिटं घ्या.

आणि तुम्ही येऊरच्या जंगलाच्या बाजूला आहात म्हणून सांगते, पावसात घोणस, मण्यार निघतात. सर्पदंशावर कुठलीही जडीबुटी, चिरा देणं, करकचून बांधणं नको. अंगठी-बांगड्या काढा, हात किंवा पाय हलू देऊ नका आणि रुग्णवाहिकेसाठी 108 लावा. कुत्रा चावला तर चुना-मिरची न लावता साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीसुद्धा सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आणि रेबीजची लस मिळते, ते या आठवड्यातच फोन करून विचारा आणि नंबर पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा.