फिल्डला निघालेल्या पोरासाठी

प्रिय पोरा,

परवा तुझी आई येऊन गेली, म्हणाली सुट्टी रद्द झाली, सोमवारच्या गाडीनं निघायचंय, पलटण फिल्डला, म्हणजे सीमेकडच्या तैनातीला चाललीय. कुठं ते तिनं सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही, आणि तू पण कुणाला सांगू नकोस. मागं तू फोनवर विचारलं होतंस ना की काका, लढाईच्या वेळी तिथं दिवसभर नक्की करायचं काय असतं, तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय. लांबलं तरी सगळं वाच.

मी सांगतोय ते ऑपरेशन पराक्रमचं, पाकिस्तानच्या सीमेवर फौज नेऊन उभी केली होती तेव्हाचं. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि थोड्याच दिवसात आम्ही गाडीत बसून राजस्थानात बाडमेरच्या बाजूला निघालो. 1971 नंतर एवढी फौज सीमेवर कधीच गेली नव्हती. सगळ्यांना वाटत होतं पंधरा दिवसात काय ते होऊन जाईल, मी तर घरी पत्र टाकलं होतं की शिमग्याला येतोच. माघारीचा हुकूम आला ऑक्टोबर 2002 मध्ये. दहा महिने! आणि त्या दहा महिन्यात मी एकही गोळी झाडली नाही. म्हणजे बघ, लढाईच्या नावाखाली आपण जे करतो त्यातलं बरंचसं वाट बघणं असतं, आणि माणूस ढिला पडतो तो त्या वाट बघण्यातच.

दिवस सुरू होतो उजाडायच्या आधी. स्टँड-टू. सगळे आपापल्या मोर्चात, म्हणजे खंदकात, हत्यार हातात, नजर समोर, कारण हल्ला बहुतेक करून पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला येतो, म्हणून संध्याकाळी परत तेच. जानेवारीत वाळवंटात अशी थंडी पडायची की रायफलच्या लोखंडाला हात लावला की चटका बसल्यासारखं व्हायचं, आणि त्याच जागी मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर ऊन, दुपारी हेल्मेटला हात लागत नव्हता. स्टँड-टू उठला की लंगरातून, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातून, मगभर चहा आणि मग दाढी. पाणी बाउझरनं, म्हणजे टँकरनं यायचं, मोजून मिळायचं, आणि त्यातल्या अर्ध्या मगात दाढी करायची. मला सुरुवातीला फार राग यायचा, इथं कोण बघतंय माझी दाढी? पण आमच्या सेक्शनमध्ये एकानं दाढी सोडली, मग मोजे बदलणं सोडलं, मग जेवण अर्धं टाकायला लागला, आणि महिन्याभरात तो रात्रीच्या संतरी ड्युटीवर बसल्या जागी झोपलेला सापडला. चांगला पोरगा होता रे, कामाला वाघ. कुठून निसटत गेला ते त्याला स्वतःला पण कळलं नाही. तेव्हापासून मी दाढी कधी चुकवली नाही.

रायफलचं सांगतो. वाळवंटाची वाळू पिठासारखी बारीक असते, आंधी आली की तंबूत, डाळीत, कानात, सगळीकडे. नळी साफ करायची दोरी, म्हणजे फुलथ्रू, आणि चिंदी रोज फिरवायची, पण तेल अगदी नावाला लावायचं, जास्त तेल लावलं की वाळू चिकटून बसते. तू डोंगरात गेलास तर तिथलं तंत्र वेगळं असेल, ते तिथल्या उस्तादला विचार, विचारायला लाजू नकोस. बूट घालण्याआधी रोज उलटे करून आपट. आपल्या कोकणात असतं तसलंच फुरसं तिथं पण असतं, आणि विंचू तर मोजायलाच नको. पाय कोरडे ठेव, पावडर टाक, मोज्यांचा एक जोड कायम पिठ्ठूत, पाठीवरच्या पिशवीत, सुका ठेव.

आणि सुरुंग. मोठी लढाई झाली नाही तरी त्या दहा महिन्यात माणसं गेली, त्यातली कितीतरी सुरुंग पेरताना आणि नंतर काढताना गेली. शेजारच्या कंपनीतला एक जवान असाच गेला, सकाळी आमच्याबरोबर चहा प्यायला होता. वाळू सरकते आणि तिच्याबरोबर सुरुंगही सरकतो, म्हणजे खूण इथं आणि सुरुंग तिथं. तारेचं कुंपण आणि लाल पाटी दिसली की त्यापलीकडे पाय टाकायचा नाही, बकरी अडकली असली तरी नाही, कुणी कितीही म्हटलं की मी रोज इथूनच जातो तरी नाही. एवढं माझं ऐकच. शेतकऱ्यांच्या पिकाच्या जमिनी होत्या रे त्या, आम्ही त्यात सुरुंग पेरले तरी तिथली म्हातारी माणसं आम्हाला ताक आणून द्यायची. ते ताक मी विसरणार नाही.

आता घरचं. आमच्या वेळी पत्ता म्हणजे नाव, नंबर, पलटण आणि 56 एपीओ, म्हणजे फौजी पोस्ट ऑफिस, बस. पत्र पोचायला बरेच दिवस लागायचे, मुलीला ताप आलाय हे कळायचं तेव्हा ती बरी होऊन शाळेत जात असायची, पण मधले दिवस मी तो ताप घेऊन जगायचो. तुझ्याकडे मोबाईल आहे, तो जिथं चालू ठेवायची परवानगी असेल तिथंच चालू ठेव, फोटो नको, स्टेटस नको, अनोळखी मुलीची फ्रेंड रिक्वेस्ट तर अजिबात नको, 2020 मध्ये फौजेनं जवानांना फोनमधून 89 ॲप काढायला लावली ती उगाच नाही. आईशी रोज बोलायचं कबूल करू नकोस. रोजचं ठरलं आणि एक दिवस रेंज नसली की इकडं ती माउली रात्रभर जागी. तिला आत्ताच सांग, फोन नाही आला म्हणजे मी कामात आहे. बोलशील तेव्हा जेवलास काय ते सांग, तिला तेच ऐकायचं असतं. खोटं सांगू नकोस, पण सगळंही सांगू नकोस, उरलेलं आपल्या बडीशी, जोडीदार जवानाशी बोल. मनात ठेवून कुढत बसू नकोस.

14 मे 2002 ला जम्मूजवळ कालूचकला अतिरेकी फौजी क्वार्टर्समध्ये घुसले, बायका-पोरं मारली. ती बातमी आली त्या रात्री लंगरात जेवण तसंच राहिलं. आम्ही सीमेवर आणि मागं घरच्यांवर घाला. प्रत्येकाला वाटत होतं आत्ता उठावं आणि निघावं. सुभेदार साहेबांनी भाषण वगैरे काही केलं नाही, फक्त म्हणाले, सगळ्यांनी जेवा, दोन वाजता ड्युटी बदलायचीय. आम्ही जेवलो. राग घेऊनच जेवलो, पण दोन वाजता प्रत्येक जण जागेवर होता.

बरं, सण येतील ते सोडू नका. पाडव्याला आम्ही काठीला गमछा आणि लोटा बांधून गुढी उभी केली, कॅमोफ्लाजच्या जाळीच्या वर जाऊ नये म्हणून कमरेएवढीच, आणि लंगरवाल्यानं साखर घालून शिरा केला. त्या शिऱ्यात पण वाळू होती. तरी सगळ्यांनी दोनदा घेतला.

इकडची काळजी करू नकोस. तुमच्या विहिरीवरची मोटर मी शनिवारी गड्याला घेऊन बघतो, उसाला पाणी माझ्या पाळीतलं देतो. कारखान्याचं बिल आलं की तुझ्या आईबरोबर बँकेत मी जाईन. तू फक्त पिठ्ठूत मोज्यांचे तीन जोड जास्त टाक आणि सुईदोरा विसरू नकोस.

तुझा काका
(बेळगावच्या सेंटरमधून निघालेला जुना हवालदार)