घरगुती लेझर यंत्रे : वाचकांचे प्रश्न

लाकूड, पुठ्ठा, अ‍ॅक्रिलिक अशा वस्तू प्रकाशाच्या झोताने कापणाऱ्या किंवा त्यांवर नक्षी उमटवणाऱ्या, मेजावर मावणाऱ्या लेझर यंत्रांविषयी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. 'कोणते यंत्र घ्यावे' एवढेच ज्यांनी विचारले आहे, त्यांनी पहिले उत्तर आपल्यालाही लिहिले आहे असे समजावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. सागवानी नावपाट्या आणि गणपतीसाठी प्लायचे मखर घरीच करावे, असा विचार आहे. एका जाहिरातीत '४० वॅट'चे यंत्र स्वस्तात मिळते, तर दुसऱ्या कंपनीचे १० वॅटचे यंत्र त्याहून महाग आहे. हा काय प्रकार आहे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : हे दोन आकडे बहुधा एकाच गोष्टीचे नाहीत. निळ्या किरणांच्या डायोड यंत्रांच्या (डायोड म्हणजे विजेपासून लेझरचा प्रकाश देणारा चिमुकला अर्धवाहक तुकडा) जाहिरातींत पुष्कळदा यंत्र किती वॅट वीज ओढते तो आकडा ठळक छापतात. लाकडावर प्रत्यक्ष पडणाऱ्या प्रकाशाची शक्ती त्याच्या लहानशा अंशाएवढीच असते, आणि '४० वॅट' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त यंत्रातून जेमतेम ५ वॅट प्रकाश बाहेर पडतो, असे सर्रास आढळते. एका डायोडमधून साधारण ५ ते ६ वॅट प्रकाश मिळतो. त्यापेक्षा अधिक शक्ती हवी असेल तर अनेक डायोडांचे झोत भिंगांनी आणि आरशांनी एकत्र आणावे लागतात, म्हणून खरे १० किंवा २० वॅटचे यंत्र महाग पडते. विक्रेत्याला 'ऑप्टिकल पॉवर किती' एवढेच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. या साध्या प्रश्नाला जो आढेवेढे घेतो, त्याच्याकडून यंत्र घेऊ नये.

परंतु माझ्या मते वॅटचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न आपण कोणत्या वस्तूवर काम करणार हा आहे. डायोड यंत्राचा प्रकाश सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे निळा असतो. लाकूड, पुठ्ठा, चामडे आणि गडद रंगाचे अ‍ॅक्रिलिक तो शोषून घेतात, पण पारदर्शक अ‍ॅक्रिलिक आणि काच यांतून तो खिडकीतून ऊन यावे तसा आरपार निघून जातो, आणि कितीही वॅट वाढवले तरी हे बदलत नाही. कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीतून निघणारा किरण १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. अ‍ॅक्रिलिक आणि काच दोन्ही त्याला पृष्ठभागावरच अडवतात, म्हणून अ‍ॅक्रिलिक स्वच्छ कापले जाते आणि काचेवर नक्षी उमटते. या वायू-लेझरचा शोध १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीची पदवी पुण्याची. आपल्या भागात ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आपल्याला सागवान आणि प्लाय एवढेच करायचे असल्यामुळे खऱ्या १० वॅटचे डायोड यंत्र पुरेसे आहे. मखरासाठी ३ मिलिमीटर जाडीचा प्लाय घ्यावा, तो एक-दोन फेऱ्यांत कापला जाईल. मात्र दुकानात एमआर, म्हणजे दमटपणा सोसणाऱ्या, दर्जाचा प्लाय मागावा. पाण्यात टिकणारा मरीन प्लाय अधिक चांगला असे कोणीही सांगेल, पण त्यातील फिनॉलचा डिंक किरणाला दाद देत नाही आणि कडा कोळशासारख्या काळ्या पडतात. थर्माकोलचा मोह तर अजिबात धरू नये: राज्यात २०१८ पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहेच, शिवाय लेझरखाली तो कापला जाण्याऐवजी वितळतो आणि पेटतो.

प्रश्न : आमच्या घरात सतार आणि तंबोरे तयार होतात. वाद्यांवर बसवण्याच्या पांढऱ्या सेल्युलॉइडच्या पट्ट्या आणि त्यांवरील वेलबुट्टी लेझरने केली तर बराच वेळ वाचेल, असे मुलगा म्हणतो. यंत्र घ्यावे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : यंत्र जरूर घ्यावे, पण त्या पट्ट्या त्याखाली कधीही ठेवू नयेत. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण. ते थोड्या उष्णतेने पेट घेते, आणि जळण्यासाठी लागणारा प्राणवायू काही अंशी त्याच्याच रेणूंत असल्यामुळे आग झाकून विझत नाही. किरणाने एक रेघ ओढताच पट्टी भडकण्याचा धोका आहे, आणि आजूबाजूला लाकडाचा भुसा, लाख आणि पॉलिश असलेल्या कारखान्यात ती आग पट्टीपुरती राहणार नाही. हल्ली सेल्युलॉइड म्हणून मिळणारा माल कधी कधी निराळ्याच प्लॅस्टिकचा असतो, म्हणून पट्टी बोटांनी जोरात घासून पाहावी. कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची समजावी आणि पूर्वीप्रमाणे हातानेच कोरावी.

दुसरा शत्रू पीव्हीसी. त्याच्यावर किरण पडला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, हवेतील दमटपणाशी मिळून त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते, आणि ते फुप्फुसांना तर जाळतेच, पण यंत्राच्या पट्ट्या, बेअरिंगे आणि भिंगही काही दिवसांत खराब करते. आपल्या बाजारात हा माल 'पीव्हीसी' या नावाने क्वचितच समोर येतो. सजावटीचा सनबोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसीचा फेस असतो. वाद्यांच्या पेट्यांना लावतात ते रेक्झिन, फ्लेक्सचे कापड आणि व्हिनाइलचे स्टिकर हेदेखील त्याच कुळातले. शंका आल्यास उघड्यावर एक परीक्षा करता येते: तांब्याची तार चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवावी, ती प्लॅस्टिकच्या तुकड्याला टेकवून थोडे प्लॅस्टिक तिला चिकटू द्यावे आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरिन आहे, तो माल बाजूला ठेवावा. कापराच्या वासाच्या पट्टीवर मात्र ही परीक्षाही करू नये.

आता उपयोगाचे. पट्टीचा पांढरेपणा हवाच असेल तर पांढरे कास्ट अ‍ॅक्रिलिक वायू-लेझरवर सुरेख कापले जाते, फक्त तेही ज्वलनशील असल्याने कापताना समोर बसावे लागते. मला व्यक्तिशः शिवणीसारख्या फिक्या लाकडाचा पातळ पत्रा कापून तुणीच्या लाकडात जडवण्याचा मार्ग अधिक आवडतो. त्यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की किरण स्वतःच्या रुंदीएवढे, म्हणजे साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर लाकूड खाऊन टाकतो. तेवढी भर आकृतीत घातली नाही तर जडवलेले पान खाचेत सैल बसते. किरणाचा नाभिबिंदूही ठरलेल्या अंतरावर असतो, आणि पृष्ठभाग थोडे मिलिमीटर वरखाली झाला तरी रेघ पसरते, म्हणून भोपळ्याच्या गोलाईवर थेट नक्षी काढण्याचे मनात आणू नये. सपाट तुकडे कापावेत आणि ते हाताने बसवावेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते हातांच्या कामावर. यंत्राने तुकडे कापावेत, वाद्य घडवण्याचे काम मात्र हातांकडेच राहू द्यावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे. उघड्या चौकटीचे डायोड यंत्र मागवले आहे. सोबतचा हिरवा चष्मा पुरेसा आहे का, आणि यंत्र कोठे ठेवावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अर्ध्या वॅटपेक्षा अधिक शक्तीचा प्रत्येक लेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो, आणि त्याचा स्टीलवरून किंवा टाइलवरून परावर्तित झालेला झोतही दृष्टिपटलाला कायमची इजा करू शकतो. चष्म्यावर तरंगलांबी आणि 'ओडी' हा आकडा छापलेला असला पाहिजे. ओडी ४ म्हणजे प्रकाशाचा दहा हजारावा भाग आत येतो. ज्यावर काहीच छापलेले नाही तो चष्मा रंगीत प्लॅस्टिक समजून टाकून द्यावा. तथापि आपल्या घरी चष्मा हा उपाय नव्हेच, कारण चार वर्षांचे मूल दार ढकलून केव्हा आत येईल ते सांगता येत नाही आणि त्याच्या डोळ्यांवर चष्मा नसतो. झाकण उघडताच किरण बंद करणारी बंदिस्त पेटी घ्यावी, अथवा ती येईपर्यंत यंत्र सुरू करू नये.

पेटीमुळे धुराचीही सोय होते. जळलेल्या लाकडाच्या, विशेषतः एमडीएफच्या (लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेल्या फळीच्या) धुरात फॉर्मल्डिहाइड असते. नुसती खिडकी उघडी ठेवून भागत नाही, तर पेटीला पंखा आणि नळ जोडून धूर बाहेर सोडावा लागतो. तो नळ शेजाऱ्यांच्या खिडकीकडे वळला तर आठवडाभरात सोसायटीच्या सभेत आपला विषय येईल, म्हणून वारा धूर इमारतीपासून दूर नेईल असा बाल्कनीचा कोपरा निवडावा. काम चालू असताना पाणी भरण्यासाठीही खोलीबाहेर जाऊ नये आणि लहान अग्निशामक हाताशी ठेवावा. कापतेवेळी हवेचा झोत सोडणारा पंप जोडला तर ज्वाळा दबते आणि भिंगही स्वच्छ राहते. सोय पाहून तो यंत्रासोबतच घ्यावा.

प्रश्न : रुखवतासाठी स्टीलच्या आणि पितळेच्या भांड्यांवर नावे घालून देण्याचा घरगुती व्यवसाय करायचा आहे. डायोड यंत्र चालेल का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : पितळ आणि तांबे यांच्यासाठी डायोड यंत्र चालणार नाही. स्टीलवर २० वॅटच्या आसपासचे यंत्र काळसर खूण उमटवते, पण ती पृष्ठभाग तापवून आलेली ऑक्साइडची छटा असते आणि त्या जागी स्टीलची गंज न लागण्याची शक्ती कमी होते. रोज घासल्या जाणाऱ्या डब्यावर हे काम मी कोणाला विकणार नाही. आपल्या व्यवसायासाठी १०६४ नॅनोमीटरचे फायबर लेझर हवे. ते बरेच महाग असते, म्हणून आधी तालुक्याच्या गावात असे यंत्र असलेल्या कारागिराकडून काम करून घ्यावे आणि मागणी किती येते ते पाहावे. तोवर भांड्याच्या दुकानातील विजेची लेखणी आपले काम बिनतक्रार करील.

प्रश्न : 'के-४०' नावाचे जुने वायू-लेझर यंत्र कमी किमतीत मिळत आहे. घ्यावे का? आमच्याकडे उन्हाळा कडक असतो आणि बोअरचे पाणी आहे.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आपण पाण्याचा उल्लेख केलात हे फार चांगले झाले, कारण या यंत्राचे आयुष्य पाण्यावरच ठरते. काचेच्या नळीभोवती सतत पाणी फिरवावे लागते आणि ते १५ ते २५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे. तिशीच्या वर गेले की शक्ती घटते आणि नळी लवकर निकामी होते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे टाकीतले पाणीच त्यापेक्षा गरम असते. तेव्हा चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारे यंत्र, घ्यावा, किंवा सकाळी लवकर काम करावे आणि बादलीत बर्फाच्या बंद बाटल्या सोडाव्यात. बोअरचे पाणी मुळीच वापरू नये, त्यातील क्षार नळीत थर धरतात आणि तसे पाणी विजेचे वाहकही असते. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणावे.

या नळीला पंधरा-वीस हजार व्होल्टांच्या घरातील दाब लागतो. स्वतंत्र आणि तपासून घेतलेले अर्थिंग नसेल तर हे यंत्र घरात आणू नये, आणि बंद केल्यानंतरही लगेच मागचे दार उघडू नये, कारण आतील भार काही काळ टिकून राहतो. पंप आणि लेझर एकाच बटणावर घ्यावेत, म्हणजे पंप लावायला विसरून नळी सुरू होणार नाही. खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या समोर ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक कापून पाहावे. नळीतील वायू न वापरताही हळूहळू बिघडतो, त्यामुळे 'फारसे वापरलेले नाही' ही हमी येथे कामाची नाही. नवीन नळीची किंमत मनात धरूनच सौदा करावा. छापील ४० वॅटच्या ठिकाणी या आकाराची नळी ३० ते ३५ वॅटच देते, हेही बोलताना लक्षात असू द्यावे.

प्रश्न : मी नववीत आहे. बाबांच्या यंत्रावर पुठ्ठ्याचे रांगोळीचे साचे आणि लाकडी नावे कापतो. पण मराठी नाव कापले की प्रत्येक अक्षर सुटे होऊन पडते. इंग्रजी नावाचे असे होत नाही. काय चुकते?
— एक विद्यार्थी, वाई

उत्तर : तुझ्या हातून काही चुकलेले नाही. संगणकाच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा असतो आणि शेजारच्या अक्षरांचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. पडद्यावर ती एक सलग रेघ दिसते, पण यंत्र प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा निराळी कापते, म्हणून सांध्यावर काप पडतो. तुझ्या ओळखीच्या जोडलेल्या इंग्रजी नावांत कोणीतरी ही दुरुस्ती आधीच केलेली असावी. इंकस्केप या मोफत प्रोग्रॅममध्ये युनिकोड फाँटने नाव लिही, 'पाथ' यादीतील 'ऑब्जेक्ट टू पाथ' निवड, मिळालेला गट सोडव आणि सगळी अक्षरे निवडून 'युनियन' कर. आता बाह्यरेषा एकच राहील आणि शिरोरेषा संपूर्ण नाव एकत्र धरून ठेवील. या बाबतीत आपली लिपी रोमनपेक्षा सोयीची आहे. नंतर ती फाइल लेझरजीआरबीएलसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडता येते.

अनुस्वार आणि चंद्रबिंदू यांचे टिंब शिरोरेषेला चिकटलेले नसते, ते युनियननंतरही सुटेच राहील. त्याला बारीक दांडी जोड किंवा ते वेगळे कापून पाठीमागे पट्टी लावून चिकटव. साच्यात याच्या उलट घडते: तेथे अक्षर म्हणजे भोक असते, त्यामुळे 'व' आणि 'ब' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि शिरोरेषेची लांब फट पुठ्ठ्याला लुळे करते. पोटातल्या तुकड्याला दोन बाजूंनी ३ मिलिमीटर रुंदीचे पूल ठेव, शिरोरेषेतही प्रत्येक दोन अक्षरांमागे एक पूल सोड, आणि रांगोळी टाकून झाल्यावर त्या जागा चिमटीने भरून घे. यंत्र चालू करताना बाबा शेजारी असू देत.