पाटी गेली, चेसिस आहे

प्रश्न : काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत आजोबांची जुनी जीप पडून आहे. डॅशबोर्डवरच्या पाट्या कोणीतरी काढून नेल्या, आरसी बुक सापडत नाही. काका म्हणतात अमेरिकन विलिस, गॅरेजवाला म्हणतो महिंद्रा. नवी पाटी लावून चेसिस नंबरही ठोकून देतो म्हणतो. काय करावं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आधी गॅरेजवाल्याच्या हातातला हातोडा काढून घ्या. नव्या पाट्या बाजारात हव्या तेवढ्या मिळतात, म्हणूनच त्यांना पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. आणि आरटीओच्या परवानगीशिवाय नंबर ठोकलात, तर घरची जीप चोरीच्या संशयात जायची.

आता चालकाची गादी उचला. पेट्रोल भरायचं तोंड गादीखाली असेल, तर जीप लष्करी, १९४१ ते ४५ मधली. बाहेरच्या पत्र्यात असेल, तर बहुतेक सीजे, म्हणजे ‘सिव्हिलियन जीप’, नागरी वापराची. त्यातही बॉनेट चांगलंच उंच असेल तर सीजे-३बी. ती महिंद्राने वर्षानुवर्षं बनवली, म्हणजे बहुधा गॅरेजवाला जिंकला. लष्करी जीपच्या पुढच्या जाळीला नऊ फटी, सीजेला सात; पण जाळीवर विसंबू नका. आपल्याकडे अख्खी बॉडी बदललेल्या जीपा ढिगाने आहेत.

लष्करी निघाली तर खरी मजा. तो एकच नमुना विलिस आणि फोर्ड दोघांनी बनवला. रेडिएटरखाली वाकून चेसिसचा पुढचा आडवा दांडा बघा. गोल नळी असेल तर विलिस, उलट्या पन्हळीसारखा चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डवाले बोल्टच्या डोक्यावरही ‘एफ’ उमटवत, पण बोल्ट काय, कुठूनही येतो.

फोर्डचा नंबर डाव्या चेसिसपट्टीच्या वरच्या अंगाला, इंजिनच्या माउंटिंगजवळ ठोकलेला असतो. रॉकेल आणि तारेचा ब्रश घ्या, ग्राइंडर अजिबात नको. मळ निघाला की खडू चोळा, आकडे उठून दिसतात. विलिसचा नंबर बंपरमागे, डाव्या पट्टीच्या आतल्या अंगाला रिव्हेट मारलेल्या छोट्या पाटीवर असे. तीही गेली असेल, तर निदान रिव्हेटची भोकं सापडतील. इंजिन नंबरवर जाऊ नका. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायची आपल्याकडे साथच होती.

२०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र आधी इथे नोंदलेल्या गाडीचं जुनं आरसी मागतात. तेव्हा आजोबांची ट्रंक पुन्हा उपसा. नागपूर १९५६पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे कागदावर महाराष्ट्राचा शिक्का नाही म्हणून तो रद्दीत टाकू नका.