लोकशाही 'प्रभावी', 'परिणामकारक' की 'कार्यक्षम'?

विचारणा अशी आहे : वादविवाद स्पर्धेसाठी 'लोकशाही ही प्रभावी शासनव्यवस्था आहे का?' असा विषय ठरतो आहे. यात 'प्रभावी' हवे की 'परिणामकारक'? एका परीक्षकांनी 'कार्यक्षम' सुचवले आहे. शिवाय, जिथे राजाच नाही त्या व्यवस्थेच्या नावात 'शाही' कुठून आली?

तिन्ही शब्द शुद्ध आहेत, त्यामुळे बरोबर-चूक असा निवाडा द्यायचे कारण नाही. मात्र ते एकाच्या जागी दुसरा खपवावेत असेही नाहीत. जो शब्द घालाल त्यावर कोणती बाजू जिंकणार हेही बऱ्याच अंशी ठरेल.

'प्रभाव' म्हणजे तेज, वजन, छाप. प्रभावी वक्ता सभा जिंकतो. त्याने सांगितलेले लोक घरी जाऊन करतात की नाही, ही गोष्ट निराळी. शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकताना उंचीचा गुण 'प्रभावी' आणि बुटकेपणाचा 'अप्रभावी' होता, म्हणजे तिथे अर्थ 'दुसऱ्याला झाकून टाकणारा'. हल्ली 'प्रभावी उपाय', 'प्रभावी औषध' सर्रास चालते. (औषधाला 'गुणकारी' हा नेमका शब्द हाताशी असताना ते मला खटकते, पण रुळलेल्या शब्दाशी भांडण्यात अर्थ नसतो.) शासनाच्या संदर्भात मात्र 'प्रभावी' म्हटले की जरब असलेले, दरारा असलेले शासन डोळ्यांपुढे येते. त्या कसोटीवर हुकूमशाही सहज पुढे जाईल, आणि लोकशाहीच्या बाजूने बोलणाऱ्याचे गुण पहिल्याच वाक्यात जातील.

'कार्यक्षम' वेगळेच मोजतो. कमी वेळात, कमी खर्चात, फारशी खळखळ न करता काम उरकणारा तो कार्यक्षम. इथे लोकशाहीची अडचण आहे. बेल्जियममध्ये जून २०१०च्या निवडणुकीनंतर नवे सरकार शपथ घेईपर्यंत ५४१ दिवस गेले. तेवढा काळ काळजीवाहू सरकारने गाडा ओढला. स्वित्झर्लंडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. वारंवार सार्वमत घेणारा हा देश. पण स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार द्यावा का, या प्रश्नावर १९५९ साली सुमारे ६७ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले. मतदार अर्थातच सगळे पुरुष. १९७१ साली तोच प्रश्न पुन्हा आला तेव्हा जवळपास ६६ टक्क्यांनी 'हो' म्हटले. न्यूझीलंडमध्ये स्त्रिया १८९३ पासून मत देत होत्या. एखाद्या राजाने मनात आणले असते तर एका फर्मानात हे काम झाले असते. दुसऱ्या फर्मानात रद्दही झाले असते, पण तो मुद्दा 'कार्यक्षम' या शब्दात मावत नाही.

आता 'परिणामकारक'. या शब्दाचे व्याकरणच त्याचे वेगळेपण सांगते. 'तो कारकून कार्यक्षम आहे' हे वाक्य पुरे वाटते. 'हे औषध परिणामकारक आहे' म्हटले की ऐकणारा विचारतो, कशावर? तापावर, खोकल्यावर, काहीतरी हवेच. ही '-वर'ची मागणी वादविवादाच्या विषयाला फार उपयोगाची आहे, कारण ती वक्त्याला मोघम बोलू देत नाही. लोकशाही परिणामकारक, पण कशावर?

एक जुना प्रसंग पाहा. इसवी सनापूर्वी ४२७ साली लेस्बॉस बेटावरचे मितिलीनी हे शहर अथेन्सविरुद्ध उठले आणि हरले. अथेन्सच्या नागरिकसभेने रागाच्या भरात ठराव केला : तिथले सगळे प्रौढ पुरुष ठार मारा, बायका-मुलांना गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघाले. दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्याच ठरावाचा धसका बसला आणि पुन्हा सभा भरली. पहिल्या ठरावाचा कैवारी पुढारी क्लिऑन म्हणाला, ठरलेले फिरवणारे राज्य टिकत नाही. त्याला विरोध करणाऱ्या डायोडोटसने दयेची भाषा केलीच नाही. एवढ्या कत्तलीत अथेन्सचे हित नाही, एवढाच मुद्दा त्याने लावून धरला. मते जवळजवळ सारखी पडली, पण ठराव फिरला. मग दुसरे जहाज सुटले. वल्हेकऱ्यांनी वाइन आणि तेलात कालवलेले जवाचे पीठ वल्हवता वल्हवताच खाल्ले, झोप आळीपाळीने काढली. पहिल्या जहाजावरच्यांना त्या कामगिरीची घाई नव्हती, ते रेंगाळत गेले. सेनापतीने पहिला हुकूम वाचून अंमलाची तयारी चालवली होती, तेवढ्यात दुसरे जहाज बंदराला लागले. थ्युसिडिडीस या इतिहासकाराने हे नोंदवले आहे. आणि त्याच सभेने उठावाचे म्होरके ठरवून हजारावर लोकांना तरीही मारवले, हेही त्यानेच नोंदवले आहे.

एका निर्णयासाठी दोन सभा आणि दोन जहाजे, ही कार्यक्षमता नव्हे. प्रभाव म्हणाल तर स्वतःचाच हुकूम चोवीस तासांत मागे घेणाऱ्या सत्तेचा कसला प्रभाव? परिणामकारक मात्र ती ठरली, आणि तेही चूक दुरुस्त करण्यावर. चूक होऊ न देण्यावर नव्हे, आणि दुरुस्तीही अपुरीच. बोलताना ही '-वर' सांभाळली की वाद नेमका होतो. अमर्त्य सेन यांचे प्रसिद्ध प्रतिपादनही याच साच्यातले आहे. निवडणुका होतात आणि वृत्तपत्रे मोकळी आहेत अशा स्वतंत्र देशात मोठा दुष्काळबळींचा प्रसंग आलेला नाही, असे ते म्हणतात; पण रोजच्या अर्धपोटी जगण्यावर, कुपोषणावर लोकशाहीचा तसा इलाज चालत नाही, हेही तेच सांगतात. माणसे मरू लागली की बातमी होते आणि सरकार हलते. वर्षानुवर्षे थोडे कमी जेवणाऱ्याची बातमी होत नाही. म्हणजे एकच व्यवस्था भुकेच्या एका रूपावर परिणामकारक आणि दुसऱ्यावर बरीच दुबळी.

'परिणाम' या शब्दाच्या पोटात आणखी एक अर्थ आहे. आपण तो 'निष्पत्ती' एवढ्यावरच वापरतो. संस्कृतात मूळ अर्थ रूपांतराचा. कारणच रूप बदलून कार्य होते, असे सांगणाऱ्या सांख्य दर्शनाच्या परिणामवादात दुधाचे दही होणे हा ठरलेला दाखला. डॉ. आंबेडकरांनी केलेली लोकशाहीची व्याख्या या अर्थाशी जुळते : लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात रक्तपाताविना क्रांतिकारक बदल घडवून आणणारी शासनपद्धती. तिच्यात निवडणुकीचा उल्लेखही नाही. बदल घडला का आणि रक्त न सांडता घडला का, एवढेच ती विचारते.

राहिली 'शाही'. फारसी 'शाह' म्हणजे राजा, त्याची ती 'शाही'. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही ही घराण्यांची नावे. त्यांवरून मराठीने हा प्रत्यय सत्तेच्या कोणत्याही प्रकाराला लावायला घेतला. आता त्याच्या अलीकडे काय येते ते बघा. नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही यांत सत्ता कोणाची ते सांगितले आहे. दडपशाही, दंडुकेशाही, हुकूमशाही यांत ती कशी चालते ते. (झोटिंगशाही दोन्हीकडे बसते.) लोकशाही पहिल्या रांगेतली. सत्ता लोकांची, एवढेच हे नाव सांगते. कारभार कसा होईल याची हमी त्यात नाही. हिंदीतल्या 'लोकतंत्र'मधले 'तंत्र' निदान पद्धतीकडे बोट दाखवते. आणि 'लोक' म्हणजे नक्की कोण हे तर नाव मुळीच सांगत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७१पर्यंत त्यात स्त्रिया नव्हत्या. अथेन्समध्ये स्त्रिया, गुलाम, परके यांपैकी कोणीच नव्हते. लोकशाही आणि झुंडशाही एकाच रांगेत शेजारी बसतात हेही काही उगाच नाही. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने झुंडशाहीला लोकशाहीचेच बिघडलेले रूप मानले होते.

विषयपत्रिकेत काही जण 'लोकशाही'ऐवजी 'प्रजासत्ताक' लिहितात, ते टाळा. राष्ट्रप्रमुखपद वंशपरंपरेने चालत नाही ते प्रजासत्ताक. ब्रिटन, नॉर्वे, जपान इथे लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाही. उलट, उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात हे दोन्ही शब्द आहेत.

तेव्हा विषय 'लोकशाही ही परिणामकारक शासनव्यवस्था आहे का?' असा ठेवावा, आणि 'कशावर' हे वक्त्यांनी आपापले ठरवावे. परीक्षकांना 'कार्यक्षम'च हवे असेल तर हरकत नाही, फक्त अनुकूल बाजू ज्याच्या वाट्याला येईल त्याला दोन मिनिटे जास्त द्या. जाता जाता विशेषणाबद्दल : 'लोकशाहीय', 'लोकशाहीक' असली रूपे घडवायची गरज नाही. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'लोकशाही गणराज्य' असेच आहे. 'लोकशाही मार्ग', 'लोकशाही हक्क' असे सरळ लिहावे.