वाचकांचे प्रश्न : गर्भनिरोधक गोळ्या, अंतरा इंजेक्शन आणि मनातली भीती

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांची असून अंबाजोगाई तालुक्यातील एका गावात राहते. मला दोन मुले आहेत, धाकटा तीन वर्षांचा आहे. आशाताईंनी दिलेल्या माला-एन गोळ्या मी घेत होते आणि मला काही त्रास नव्हता. गेल्या महिन्यात नणंदेने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होऊन बाई दगावते आणि पुढे कॅन्सर होतो, असे त्यात सांगितले होते. मी पाकीट अर्धवट टाकून दिले. डॉक्टरांना विचारले, तर "काही होत नाही, घेत राहा" एवढेच ते म्हणाले. सासूबाई ऑपरेशन करून घे म्हणतात, पण माझे मन तयार होत नाही. मी काय करावे? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, आधी तातडीचे सांगते. पाकीट अर्धवट सोडल्यानंतर संबंध आला असेल आणि पाळी लांबली असेल, तर आशाताईंकडून गर्भधारणा तपासण्याचे निश्चय किट घेऊन तपासणी करून घ्या, आणि पुढचा निर्णय होईपर्यंत निरोध वापरा. गोळी सोडली की तिचे संरक्षण काही दिवसांतच संपते.

आता गुठळ्यांविषयी. व्हिडिओत सांगितलेले पूर्णपणे खोटे नाही, आणि म्हणूनच "काही होत नाही" हे उत्तर मला पटत नाही. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन व लेव्होनॉर्जेस्ट्रेल अशी दोन संप्रेरके (हार्मोन्स) असतात, आणि त्यांतील इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी वाढते. किती वाढते, हे मात्र व्हिडिओत सांगितलेले नसते. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षभरात साधारण दोघींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्या दहा हजार जणींमध्ये हे प्रमाण ५ ते ७ असते, तर डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन किंवा ड्रोस्पायरेनोन असलेल्या नव्या, महागड्या गोळ्यांमध्ये ते ९ ते १२ पर्यंत जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या अंदाजानुसार गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत त्याच हिशेबाने ४० ते ६५ पर्यंत पोहोचतो. म्हणजे आपण घेत होता ती गोळी या बाबतीत कमी जोखमीच्या गटातील आहे, आणि ती सोडून नको असलेले गरोदरपण आले तर ज्या गुठळीला आपण घाबरलात, तिची शक्यता उलट वाढते.

असे घडल्याचा दाखलाही आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने काही नव्या गोळ्यांमुळे गुठळ्यांची जोखीम जुन्या गोळ्यांच्या सुमारे दुप्पट असल्याचा इशारा दिला. समितीचे पत्र अनेक डॉक्टरांच्या हाती पडण्याआधीच बातमी घरोघरी पोहोचली होती. "दुप्पट" हा शब्द सर्वांनी ऐकला, पण कशाच्या दुप्पट, हे फार थोड्यांना कळले. अनेक स्त्रियांनी गोळी एकाएकी बंद केली आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये गर्भपातांची संख्या वाढली. इशारा चुकीचा नव्हता. गोळी सोडणाऱ्या स्त्रीच्या हाती त्याच दिवशी दुसरे साधन कोणी ठेवले नाही, ही खरी चूक होती.

तरीही ही गोळी सर्वांसाठी नाही. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल, पूर्वी पायात अथवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठत असेल, यकृताचा गंभीर आजार असेल, मूल सहा महिन्यांच्या आतले असून अंगावर पीत असेल, किंवा वय पस्तिशीपुढे असून विडी-सिगारेटची सवय असेल, तर ती टाळावी. म्हणून उपकेंद्रात जाऊन आधी रक्तदाब मोजून घ्या. तो ठीक असेल आणि वरीलपैकी काही नसेल, तर आपण निर्धास्तपणे नवे पाकीट सुरू करू शकता. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, दम लागला किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी झाली, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

कॅन्सरचे उत्तर दोन्ही बाजूंचे आहे. गोळी चालू असेपर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता किंचित वाढते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात संप्रेरकयुक्त साधने वापरणाऱ्या सुमारे ७,७०० स्त्रियांमागे वर्षाला एक जास्तीचा रुग्ण आढळला. दुसरीकडे बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरपासून हीच गोळी संरक्षण देते, आणि गोळी थांबवल्यावरही ते अनेक वर्षे टिकते.

शस्त्रक्रियेबाबत आपले मन तयार नसेल, तर ती करू नये. महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास विवाहित स्त्रिया याच एका उपायावर येऊन थांबतात, आणि पुरुष नसबंदी एक टक्काही होत नाही, जरी ती अधिक सोपी व कमी धोक्याची असली तरी. हे वाक्य आपल्या यजमानांना जरूर वाचून दाखवा.

प्रश्न : मी गेवराई तालुक्यात आशा म्हणून काम करते. आमच्याकडील बऱ्याच बायका ऊसतोडीला जातात. अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलेल्या काहींची पाळी बंद होते, काहींना सारखे अंगावरून लाल जाते. "रक्त आत साठून गाठ होते" म्हणून त्या दुसरा डोस घेत नाहीत. आता मेंदूत गाठ होते, अशीही बातमी पसरली आहे. एका बाईला तर कारखान्याच्या भागातील खासगी दवाखान्यात गर्भपिशवी काढून टाकायला सांगितले. मी त्यांना काय सांगू?

उत्तर : आशाताई, आपला प्रश्न फार मोलाचा आहे. अंतरा घेतल्यावर गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. जे तयारच झाले नाही ते साठणार कोठून, हे बायकांना पहिली सुई देण्यापूर्वी सांगितले पाहिजे, पाळी चुकल्यानंतर नव्हे. सुरुवातीचे डाग बहुधा एकदोन डोसांनंतर कमी होतात. रक्तस्राव फार असेल तर त्यावर औषधे आहेत, आणि तो थांबत नसेल तर तपासणी करून साधन बदलावे. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहण्यास सात ते दहा महिने लागू शकतात, हेही लपवू नये. लवकर मूल हवे असलेल्या सुनेसाठी हे साधन योग्य नाही. हाडांची घनता या इंजेक्शनने कमी होते, असा ठळक इशारा अमेरिकेने २००४ मध्येच दिला. बंद केल्यावर ती बहुतांशी भरून येते.

मेंदूच्या गाठीची बातमी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासावरून आली आहे. हे इंजेक्शन वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांमध्ये मेनिंजिओमा या गाठीची शक्यता पाचपटींहून अधिक आढळली. ही गाठ मुळात विरळ असते आणि बहुतेकदा कॅन्सरची नसते, त्यामुळे पाचपट होऊनही प्रत्यक्ष आकडा लहानच राहतो. तरी जिला अशी गाठ आधीच आहे तिला अंतरा देऊ नये, आणि सतत डोके दुखणे किंवा नजर मंदावणे ही तक्रार कधीही उडवून लावू नये.

बायकांच्या संशयाला इतिहास आहे, हेही लक्षात असू द्या. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी सुरू झाली, तेव्हा स्त्रियांना पुरेशी माहिती न देता सुई टोचली जात असल्याचे पाहून स्त्री शक्ती संघटनेने आवाज उठवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. अंतरा सरकारी कार्यक्रमात आले ते २०१७ मध्ये. मधल्या काळात झालेल्या विरोधामुळेच आज समुपदेशन आणि डोसांची नोंद ठेवणारे अंतरा कार्ड सक्तीचे आहे.

पिशवी काढण्याचा सल्ला ऐकून मला फार वाईट वाटले. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कामाचा दिवस बुडाला की खाडा धरला जातो, त्यामुळे अंगावरून जाणे म्हणजे मजुरी जाणे, हे त्यामागचे एक कारण आहे. इंजेक्शनमुळे आलेला डाग इंजेक्शन थांबवल्यावर जातो. त्यासाठी अवयव काढावा लागत नाही. दवाखान्यात पहिले वाक्य "मी अंतरा घेतले आहे" हेच बोलायचे आणि कार्ड पुढे करायचे, हे प्रत्येकीकडून घोकून घ्या.

टोळी निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येकीची पुढच्या डोसची तारीख काढा. डोस दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत देता येतो, त्यामुळे पुष्कळदा जुळवून घेता येते. जिला फडावर दवाखाना मिळणारच नाही, तिला छाया गोळी सुचवा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या या गोळीत इस्ट्रोजेन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा ती घ्यावी लागते. गर्भाशयात बसवायची तांबी, कॉपर-टी ३८०-ए, दहा वर्षे चालते, पण सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्त जास्त जाते, तेव्हा आधी हिमोग्लोबिन पाहावे. कोणत्याही औषधाचा त्रास झाला, तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः नोंदवू शकतो. आपण त्यांना फोन लावून द्या, कारण नोंद झाली नाही तर आपल्याकडील बायकांचा त्रास कोणत्याच हिशेबात येत नाही.

प्रश्न : मला टीबीची औषधे सुरू आहेत. सोबत माला-एन चालेल का? (एक भगिनी, सेलू)

उत्तर : अपाय होणार नाही, परंतु टीबीच्या औषधांतील रिफाम्पिसिनमुळे गोळीचा असर कमी होतो आणि दिवस राहू शकतात. फिट्सवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांचेही तसेच आहे. तांबी किंवा अंतरा यांना ही अडचण येत नाही. उपचार संपल्यानंतरही निदान चार आठवडे केवळ गोळीवर विसंबू नका, आणि टीबीच्या दवाखान्यात पुढच्या खेपेला जाल तेव्हा आपण कोणते साधन वापरता, ते तेथील नोंदीत लिहून घ्यायला सांगा.